जुन्या वर्गणीदाराचा दर

महाराष्ट्र झाला त्या दिवशी आमच्या लालबागच्या चाळीत घरोघर साखर वाटली. पुढं काही महिन्यांनी ते सुतारकामाचं मासिक बंद पडलं, तेव्हा मी एकटीनं डब्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली. बरं झालं, मेलं एकदाचं, असं मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण आमचे हे त्या दिवशी जेवले नव्हते.

हे परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. सकाळची पाळी करून साडेतीनला सुटायचे, चारच्या आत घरी. चहा झाला की गॅलरीत बसून काहीतरी ठोकाठोक चालायची. कुणाचं स्टूल, कुणाचा पाट, कुणाच्या खाटेचा मोडका पाय. चाळीत सगळे ह्यांना मिस्त्री म्हणायचे आणि मला मिस्त्रीणबाई. कामाचे पैसे मागायची ह्यांना लाज. कुणी दिले तर घ्यायचे, नाही दिले तर 'असांदे' म्हणायचे. कोकणातला माणूस भांडकुदळ असतो असं लोक म्हणतात. आमच्या घरात ती सगळी वाटणी माझ्याकडं आली होती.

तर हे मासिक. गिरगावातून निघायचं. बत्तीस पानं, त्यातली निम्मी जाहिरातींची. सरस, पॉलिश, रंधे, करवती आणि एक कसलं तरी केसांचं तेल. सुताराच्या डोक्याला त्याची काय गरज ते देवाला ठाऊक. उरलेल्या पानांत नकाशे. नकाशे तरी कसले? बंगल्याच्या व्हरांड्यात ठेवायची झुलती खुर्ची. आठ फुटी साइडबोर्ड. पियानोपुढचं स्टूल! अहो, आमची खोली दहा बाय बारा. त्यात आम्ही दोघं, ह्यांची आई असेपर्यंत ती, दोन मुली, आणि मे महिन्यात गावाहून येणारं कुणी ना कुणी. पियानो घेतला असता तर आम्ही त्याच्यावर झोपलो असतो. एवढ्या वर्षांत त्या मासिकातलं बघून ह्यांनी एकच वस्तू केली, ती म्हणजे एक मिटणारं स्टूल. आणि तेही मिटायचं नाही.

पण पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. पहिल्या म्हणजे अगदी पहिल्या. मासिक दुपारच्या डाकेनं यायचं. पोस्टमन जिना चढून आला की गॅलरीच्या टोकाला उभा राहायचा आणि वेष्टनावरचं सगळंच्या सगळं वाचायचा, रा. रा. पासून. ह्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. आवाज असा की खालच्या चौकातली पोरं खेळ थांबवून वर बघायची. मग हे सावकाश उठायचे, हात धोतराला पुसायचे आणि गॅलरीच्या त्या टोकापर्यंत चालत जायचे. दार आमचं जिन्यापासून पाचवं. पोस्टमनला चार पावलं टाकायला काय झालं होतं? मी एकदा त्याला तसं म्हटलं, तर ह्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, "असांदे गो, दमतो बिचारा."

आता मी चौथी शिकलेली. वाचायचा मला फार नाद. वाण्याकडून डाळ आली तरी पुडीचा कागद उलगडून वाचायची. ह्यांचा अंक वाचून झाला की हे तो कपाटावर ठेवायचे, मग मी तो काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, पॉलिशच्या जाहिरातींसकट. अशीच एकदा वाचत होते आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

एका पानावर संपादकांची विनंती होती. कागद महागला आहे, मराठीतलं हे एकमेव मासिक जगवणं हे आपलं कर्तव्य आहे, मुंबईसाठी अवघा मराठी माणूस झगडत असताना आपल्या निष्ठावंत वर्गणीदारांनी मागं राहू नये, म्हणून पुढच्या वर्षापासून त्यांनी पाचाऐवजी सहा रुपये पाठवावेत. बरं. पान उलटलं. मागल्या बाजूला मोठ्या चौकटीत: नव्या वर्गणीदारांस खास सवलत! वर्षाची वर्गणी फक्त चार रुपये, शिवाय एक पोलादी फूटपट्टी भेट!

एकाच कागदाच्या दोन बाजू. कागद महागला होता तो फक्त आमच्या बाजूनं.

मी ह्यांच्यापुढं दोन्ही पानं धरली. ह्यांनी चष्मा लावून वाचली. "मग?" म्हणाले.

"मग काय? नवीन येतो त्याला चार, वर पट्टी. आणि आपण जन्मापासून चिकटलोय म्हणून आपल्याला सहा? ही कुठली रीत?"

"नवीन माणूस यायला नको? मासिक चालायला हवं ना!"

"मग त्यानं चालवावं की! आपण का खांदा द्यायचा?"

"मराठी माणसाचं मासिक आहे गो," हे म्हणाले आणि पटाशीला धार लावायला बसले.

ह्याला कारण ते संपादक. त्या दिवसांत आमच्या भागात रोज कुठं ना कुठं सभा, मोर्चे, हरताळ. गोळीबार होऊन गेला होता, माणसं गेली होती. चाळीतल्या घराघरांत ती आग होती, आमच्याही होती. परळच्या एका मैदानातल्या सभेसाठी ह्यांनी खात्यातल्या चौघांना घेऊन व्यासपीठ उभारलं होतं, फुकट. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही त्या सभेला बायकांच्यात बसून घसा बसेपर्यंत ओरडले. पण त्या व्यासपीठावर बोलायला कोण, तर हे मासिकवाले संपादक. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, तोंडात पान. म्हणाले, मराठी माणसाला त्याच्याच घरात पाहुण्याहून खालचं पान वाढलं जातंय, हे आम्ही चालू देणार नाही! टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. सभा झाल्यावर खाली उतरून त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार लोकांत म्हणाले, "हे आमचे मिस्त्री. पहिल्या अंकापासूनचे आहेत बरं का!"

झालं. तेवढ्यावर हे आठ दिवस हवेत. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, एवढे पहिल्या अंकापासूनचे, तर दर महिन्याला वेष्टनावर लिहितात ते नाव का नाही आलं त्यांच्या तोंडी? मिस्त्री काय, सगळी चाळ म्हणते. हे नुसते पाठ फिरवून रंधा मारत बसले.

वर्गणी भरायची वेळ आली. ह्यांनी सहा रुपये माझ्या हातात दिले आणि मनिऑर्डर कर म्हणाले. मी म्हटलं, मनिऑर्डरचा खर्च कशाला, मीच जाते. गिरगावात मला तशीही काचेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. ह्यांना वाटलं, बांगड्यांसाठी चाललीय. जाऊ दे, तेही खरंच होतं. जुन्या अंकाचं एक वेष्टन पिशवीत टाकलं, पैसे पदराच्या गाठीला मारले आणि ट्रामनं निघाले.

मासिकाची कचेरी म्हणजे एका बोळातला लाकडी जिना, वर एक खोली, खोलीला मधोमध पार्टिशन. पलीकडं भांड्यांचा आवाज, अलीकडं संपादक आणि त्यांचं टेबल. त्या टेबलाबद्दल मला बोललंच पाहिजे. महाराष्ट्राला सुतारकाम शिकवायला निघालेल्या त्या माणसाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली न खपलेल्या अंकांची चवड लावली होती. तरी ते डुगडुगत होतं. ते शाईत टाक बुडवायचे आणि दौत हलायची. मला आत शिरल्या शिरल्या हसू आलं, पण म्हटलं, आधी काम.

"नाव?" त्यांनी वर न बघता विचारलं.

आता नवऱ्याचं नाव मी कशी घेणार? आमच्यात बायका घेत नाहीत. लग्नात घेतलं होतं ते उखाण्यात, चार ओळींत गुंडाळून, ओठातल्या ओठात. एरवी 'अहो', 'हे', नाहीतर 'मुलींचे बाबा'. रेशनच्या दुकानातही मी मुलीला पुढं करायची आणि तिच्याकडून वदवायची. मी वेष्टन काढून त्यांच्यापुढं सरकवलं.

त्यांनी वाचलं आणि तोंडभर हसले. "असं असं! मिस्त्रींच्या मंडळी होय? या वहिनी, बसा. नाव घेत नाही, छान. हीच आपली संस्कृती. हल्लीच्या दादरच्या मुली बघा, नवऱ्याला नावानं हाका मारतात." आणि हात पुढं केला. "सहा रुपये."

"चार," मी म्हटलं.

"चार नव्यांना. तुम्ही जुने."

"तेच विचारायला आलेय. जुन्यांचा गुन्हा काय?"

मग त्यांनी मला समजावलं. लहान मुलीला समजावतात तसं, मान डोलावून, पान चघळत. "वहिनी, घरात कार्य असलं म्हणजे पंगत कशी बसते? आधी पाहुणे. त्यांना आग्रह, त्यांना जिलेबी. घरची माणसं मागाहून, उरेल ते. त्यात कुणी वाईट वाटून घेतं का? मिस्त्री म्हणजे आपल्या घरचे!"

बाई गं! मला इतका संताप आला म्हणून सांगू! सभेतलं ते खालचं पान कुठं गेलं? तिथं पाहुण्याहून खालचं पान म्हणजे अन्याय, आणि इथं तीच आमची शोभा?

"घरची माणसं मागाहून जेवतात," मी म्हटलं, "पण त्यांच्याकडून ताटाचे पैसे नाही घेत कुणी. तुम्ही तर पाहुण्यांच्या जिलेबीचेही आमच्याकडून घेताय."

पार्टिशनपलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. संपादक जरा गोरेमोरे झाले. पण मुरलेला माणूस. "हे पाहा वहिनी, नियम तो नियम. वहीत नाव नसेल तो नवा. नाव असेल तो जुना."

"असं? मग माझं नाव आहे का तुमच्या वहीत?"

"तुमचं कसं असेल?"

"मग लिहा. मी नवी. जुनं नाव बंद करा, ही वर्गणी माझ्या नावानं."

ते माझ्याकडं बघत राहिले. बाईमाणूस आणि सुतारकामाचं मासिक! पण नियम त्यांनीच सांगितला होता. चार रुपये घेतले, माझं नाव लिहिलं आणि खणातून फूटपट्टी काढून दिली. तिचे आकडे पुसट होते. मी ती पिशवीत उभी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि गिरगाव ते लालबाग ट्राममध्ये राणीसारखी बसून आले. बांगड्या घ्यायच्या विसरले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. उरलेले दोन रुपये मी ह्यांच्या हातावर ठेवले, फूटपट्टी ठेवली. ह्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि खिळ्याला अडकवली. मला वाटलं, कौतुक आतल्या आत चाललंय. ह्यांचं सगळंच आतल्या आत.

पहिला अंक आला. पोस्टमन गॅलरीच्या टोकाला उभा राहिला आणि त्यानं माझं नाव पुकारलं. सौभाग्यवतीपासून सगळं, त्याच त्या आवाजात. पटापट दारं उघडली. शेजारची म्हणाली, "अगो बाई, आता रंधा तू मारणार आणि भात मिस्त्री शिजवणार की काय?" समोरच्या म्हातारीनं तर हळूच येऊन विचारलं, "मिस्त्रींना बरं नाही का गो? सगळं तुझ्या नावावर करत चाललेत?" पोस्टमनही हसत होता. मी पदर खोचला आणि पाचव्या दारापासून जिन्यापर्यंत ऐटीत चालत गेले. काय सांगू, बरं वाटलं. लग्न झाल्यापासून कुणी मला नावानं हाक मारली नव्हती. सासूबाई 'अगो' म्हणायच्या, चाळ मिस्त्रीणबाई म्हणायची, मुली आई म्हणायच्या. आणि इथं सरकारी माणूस खाकी कपड्यात उभा राहून, चौकाला ऐकू जाईल असं, माझं नाव घेत होता.

मी अंक आणून ह्यांच्यापुढं ठेवला. ह्यांनी तो उघडलाच नाही. म्हणाले, "तुझा आहे. तू वाच."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण दुसरा अंक आला तोही वेष्टनातच राहिला. तिसराही. मी वेष्टन फाडून उघडा करून ठेवला तरी हात लावला नाही. चारच्या डाकेला पोस्टमनची चाहूल लागली की हे उठून खाली चौकात जायचे. गॅलरीतली ठोकाठोकही थांबली. कुणी स्टूल दुरुस्तीला आणलं की 'पुढल्या रविवारी' म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मी म्हणाले, हा काय पोरकटपणा? दोन रुपये वाचवले ते काय पाप केलं? त्या ढोंग्यानं तुम्हाला वर्षानुवर्षं चुना लावला त्याचं काही नाही, आणि मी एकदा त्याचे कान धरले तर माझ्यावर रुसवा?

"मी रुसलोय असं कोण म्हणालं?" हे म्हणाले.

"मग ते मासिक का वाचत नाही?"

"त्यात वाचण्यासारखं काय असतं?"

आता बोला! माझे हात कमरेवरच राहिले. "मग इतकी वर्षं पैसे कशाला भरत होतात?"

हे खिळ्याला अडकवलेल्या त्या पट्टीकडं बघत बोलले. ह्यांच्या तोंडून एका दमात एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "गिरणीत मी बिल्ल्याचा नंबर. मुकादम हाक मारतो ती नंबरानं, पगार मिळतो तो नंबरानं. चाळीत मी मिस्त्री. आई होती तोवर ती बाळा म्हणायची. तू नाव घेत नाहीस, घ्यायचंही नाही. महिन्यातून एकदा तो पोस्टमन माझं नाव, माझ्या बापाचं नाव, सगळ्या चाळीला ऐकवायचा. मी त्याचे पैसे भरत होतो गो. ते झुलत्या खुर्चीचे नव्हते."

मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते मला नीट सांगता येणार नाही. त्या मुकादमाचा, त्या संपादकाचा, सगळ्यांचा. जन्मभर लाकूड तासलेल्या माणसाला स्वतःचं नाव ऐकायला वर्गणी भरावी लागते, आणि ती सहा रुपये! आणि ह्यांचाही राग आला. हे आधी बोलायला काय झालं होतं? तोंडाला काय सरस लागला होता? पण भांडायला काही उरलं नाही, कारण ह्यांना काय म्हणायचं होतं ते मला आतून कळलं होतं. गेले तीन महिने चारच्या डाकेला मी स्वतः वेणी घालून, बरं लुगडं नेसून, दारात उभी राहत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरगाव. या खेपेला ट्राममध्ये राणीसारखी वगैरे काही नाही. सगळ्या वाटेनं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते.

कचेरीत दोन माणसं बसली होती, सरसाच्या जाहिरातीचं काहीतरी बोलत. टेबल तसंच डुगडुगत होतं, खालच्या अंकांची चवड जरा वाढली होती. संपादकांनी मला ओळखलं. "या वहिनी! काय, झालं का एखादं कपाट तयार?" असं म्हणून त्या दोघांकडं बघून हसले.

"वेष्टनावरचं नाव बदलायचंय," मी म्हटलं. "माझं काढा. नऊ महिने राहिलेत, ते दुसऱ्या नावावर करा."

"कुणाच्या? पुन्हा मिस्त्रींच्या?" त्यांचे डोळे चमकले. "मग फरकाचे दोन रुपये द्यावे लागतील हं. ते जुने. आणि पट्टी परत."

"मिस्त्री हे काही नाव नव्हे," मी म्हटलं. "पूर्ण नाव लिहा."

"मग आणलंय का वेष्टन?"

वेष्टन नव्हतं. तीन महिन्यांची वेष्टनं माझ्या नावाची होती, आधीची कधीच चुलीत गेली होती. मुलगी बरोबर नव्हती. जुनी वही त्यांच्या कोपरापाशी होती, त्यांनी पान उलटलं असतं तर नाव सापडलं असतं. पण ते वाट बघत राहिले. टाक हातात धरून, हसत. बाईची फजिती बघायची होती त्यांना. ते दोघंही माझ्याकडं वळून बसले.

मी टेबलापुढं ताठ उभी राहिले. आणि मी ह्यांचं नाव घेतलं. रा. रा. पासून सुरुवात केली, पोस्टमन करतो तशी. ह्यांचं, सासऱ्यांचं, आडनाव. आवाज एवढा लागला की पार्टिशनपलीकडची बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

संपादकांचा टाक तसाच राहिला. संस्कृती बुडाली ना त्यांची! मग सावरून म्हणाले, "हो, हो. म्हणजे जुनेच ते. दोन रुपये."

"जुने?" मी म्हटलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, या तोंडातून हे नाव असं उघडं आज पहिल्यांदा निघालंय. याहून नवं नाव तुमच्या वहीत असेल तर दाखवा, आत्ता सहा रुपये मोजते. आणि ते दाखवताना ज्या माणसानं तुमच्या सभेचं व्यासपीठ फुकट उभारलं, त्याला मिस्त्रीऐवजी नावानं हाक मारायची किंमत काय पडते, तेही सांगा."

त्या दोघांतला एक जण फस्सकन हसला. जाहिरातवाला होता, त्यामुळं संपादकांना हसून घ्यावं लागलं. बाहेर आलेली बाई मात्र हसत नव्हती. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अहो, लिहा ना." त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली, वर ह्यांचं नाव लिहिलं आणि दोन रुपयांचं नाव पुन्हा काढलं नाही. माझ्या नावावरची ती रेघ मी बघितली. जराशी लागली. नाही असं नाही.

निघताना मी म्हटलं, "आमच्या ह्यांना बोलवा कधी. टेबलाचा पाय नीट करून देतील. पैसे मागणार नाहीत, पण तुम्ही द्या."

बाकी जुन्यांना न्याय वगैरे काही मिळाला नाही हं. पुढल्या वर्षीही पानाच्या एका बाजूला निष्ठावंतांना विनंती आणि दुसऱ्या बाजूला नव्यांना सवलत, तसंच होतं. फक्त आमच्याकडून पुन्हा कधी सहा मागितले नाहीत. संपादकांनी आमच्या लालबागेत येऊन आणखी दोन-चार सभा गाजवल्या. न्याय, न्याय म्हणून ओरडले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला जो महाराष्ट्र हवा होता तो त्यांच्या तोंडचा नव्हता.

पण तो त्या महिन्याचा अंक. चारची वेळ. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पोस्टमनची चाहूल लागली तसे हे चप्पल पायांत सरकवून खाली निघाले. "बसा जरा," मी म्हटलं, "चहा टाकलाय." हे नाइलाजानं दारात पाटावर टेकले.

पोस्टमन गॅलरीच्या टोकाला उभा राहिला. वेष्टन हातात धरून जरा थांबला, मग त्याचाही आवाज उगाचच वाढला. रा. रा. पासून सगळं. चौकातली पोरं वर बघायला लागली. हे हलले नाहीत. चप्पल पायांत तशीच, नजर जमिनीला. मला वाटलं, झालं, आता रुसवा कायमचा बसला.

"ऐकू येत नाही का?" मी ओरडले. "तो हाक मारतोय ना!"

"येतंय गो," हे वर न बघता म्हणाले. "आणखी एकदा मारूंदे."